मिशनतर्फे परदेशात शिक्षक-प्रशिक्षणाला जावे का? एका शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा आहे. तुम्ही अचलपूर तालुक्यातल्या, वय सत्तावीस, डी.एल.एड. ही शिक्षकाची पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा झालेल्या, आणि काही वर्षांपासून मेळघाटातल्या एका विनाअनुदानित शाळेत पहिली-दुसरीला शिकवता. आफ्रिकेतील मलावी या देशातल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शिक्षण विभागाने 'प्राथमिक शिक्षकांना मार्गदर्शन करणारी मिशनकार्यकर्ती' मागितली आहे आणि तुमच्या पाळकसाहेबांनी तुमचे नाव सुचवले आहे. पगार किती मिळेल, एकट्या बाईने जाणे सुरक्षित आहे का, परत आल्यावर इथे नोकरी मिळेल का, आणि हे आयुष्यभराचे काम होऊ शकते का, असे तुम्ही विचारता. मी यवतमाळ जिल्ह्यातली, आता निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझ्या नोकरीच्या आयुष्याचा मोठा भाग मलावीच्या ग्रामीण शाळांमध्ये नेमक्या याच कामात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण तुमच्या पत्रात एक प्रश्न शब्दांत न मांडताही जागोजागी डोकावतो, आणि माझ्या मते सगळे त्याच्यावर ठरते. मेळघाटात शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे असे काय आहे, जे मलावीतल्या पंधरा-वीस वर्षे फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला द्यावे? आणि तुम्ही परत आल्यावर ते काम तिथे कोण करणार? या दोन गोष्टींची उत्तरे मिळाली तर बाकीचे बहुतेक कागदपत्रांचे आणि हिशेबाचे काम आहे. ती मिळाली नाहीत, तर पगार चांगला असला तरी जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

आधी तिथली व्यवस्था समजून घ्या, कारण आपल्याकडे 'मिशनची शाळा' म्हटले की डोळ्यांपुढे जे येते तसे तिथे नसते. मलावीतल्या प्राथमिक शाळांपैकी अर्ध्याहून अधिक शाळा मंडळ्यांच्या मालकीच्या आहेत, मात्र शिक्षकांची नेमणूक आणि पगार सरकारकडून होतो. आपल्या अनुदानित शाळांशी हे थोडेफार जुळते. इमारत, जागा, शाळेची परंपरा मंडळीची; अभ्यासक्रम, परीक्षा, बदली सरकारची. प्राथमिक शिक्षण पहिली ते आठवी असते आणि आठवीच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षा होते. शाळांचे विभाग पाडलेले असून प्रत्येक विभागाला एक प्राथमिक शिक्षण सल्लागार असतो, ज्याला आपण केंद्रप्रमुख म्हणू, आणि एक शिक्षक विकास केंद्र असते. मंडळीने पाठवलेली प्रशिक्षक या सगळ्याच्या मधोमध उभी असते. तिचा साहेब मंडळीचा शिक्षण सचिव असतो, परंतु ज्या शिक्षकांसोबत ती काम करते ते सरकारचे असतात. सल्लागाराला डावलून तुम्ही शाळेत गेलात तर मुख्याध्यापक तुम्हाला खुर्ची देतील, चहा देतील आणि तुम्ही सांगितलेले काहीही करणार नाहीत. त्यांच्या जागी आपणही तेच केले असते.

या व्यवस्थेचा इतिहास आपल्याला परका नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून तिथे आहे. त्याच फ्री चर्चने १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या काठी लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केले आणि तिथूनच त्या देशात शाळांचे जाळे पसरत गेले. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नागपूरची मुले आणि त्या सरोवराकाठची मुले एकाच मंडळीच्या शाळांत पाटीवर अक्षरे गिरवत होती. लिव्हिंगस्टोनिया आणि ब्लँटायर येथील मिशनांतून उभ्या राहिलेल्या मंडळ्या १९२४ मध्ये एकत्र आल्या आणि मध्य आफ्रिकेची प्रेस्बिटेरियन मंडळी झाली, तिचा कारभार आज तिथलेच लोक पाहतात. हे सांगण्याचे कारण इतकेच, की तुम्ही जिथे जाल तिथे तुमची वाट पाहत बसलेले कोरे मैदान नाही. शिक्षण, उपासना, समित्या, कार्यवृत्ते, मतभेद, हे सर्व तिथे आधीपासून आहे आणि तुम्ही त्यांच्या हाताखालच्या कर्मचारी असाल.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्याकडे काय आहे? १९९४ मध्ये मलावीने प्राथमिक शिक्षण मोफत केले आणि शाळेतली मुले सुमारे १९ लाखांवरून एकदम सुमारे ३० लाखांवर गेली. वर्गखोल्या आणि शिक्षक त्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. त्याचा परिणाम आजही दिसतो. ग्रामीण भागात पहिलीच्या वर्गात शंभराहून अधिक मुले असणे नित्याचे आहे, आणि त्यातला एखादा वर्ग आंब्याच्या झाडाखाली भरलेला असतो. अशा शिक्षकापुढे जाऊन 'प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष द्या' असे सांगणारे प्रशिक्षक त्याने पुष्कळ पाहिले आहेत. तुम्ही मेळघाटात दोन इयत्ता एका खोलीत घेऊन बसता. तुमची मुले घरी कोरकू बोलतात, पुस्तक मराठीत आहे, आणि तरीही त्यातली काही मुले दिवाळीपर्यंत वाचू लागतात. हे तुम्ही कसे करता, कोणत्या मुलाला कोणाशेजारी बसवता, कोरकूतला कोणता शब्द आधी वापरता, कोणत्या टप्प्यावर मूल अडते, हे तुम्हाला बारकाईने सांगता येत असेल, तर तुमच्याकडे देण्यासारखे खरोखर काही आहे. मलावीच्या उत्तरेला मुले तुंबुका बोलतात, दक्षिणेला आणि सरोवराच्या काठाने बऱ्याच ठिकाणी याव बोलतात, आणि शाळेत चिचेवा व इंग्रजी. घरची भाषा एक, फळ्यावरची दुसरी, ही अडचण त्या शिक्षकाची आहे आणि तुमचीही आहे. पदव्युत्तर पदवी घेऊन थेट शहरातून आलेल्या माणसापेक्षा तुमचे म्हणणे तो अधिक लक्ष देऊन ऐकेल.

परंतु तुम्ही जे करता ते तुम्हाला स्वतःलाच नीट सांगता येत नसेल, 'जमतं बाप्पा कसं तरी' असे उत्तर येत असेल, तर आणखी दोन-तीन वर्षे इथेच थांबा. चांगले शिकवणे आणि चांगले शिकवणे दुसऱ्याला उलगडून दाखवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि प्रशिक्षकाला दुसरे लागते. ते शिकण्याची जागा आपल्याकडेच आहे. केंद्राची दर महिन्याची शिक्षण परिषद असते, तिथे एक तास मागून घ्या, आपल्या वर्गातला एक पाठ सहकाऱ्यांपुढे मांडा, मग त्यांच्या वर्गात जाऊन तो त्यांच्या हातून कसा होतो ते पाहा. तुमच्या लक्षात येईल की ते करताना तो पाठ बदलतो आणि बहुधा बिघडतो. का बिघडला याचे उत्तर शोधण्यातच या व्यवसायाचा सगळा रस आहे.

एक उदाहरण देते, कारण अशा गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाहीत. चिचेवा रोमन लिपीत लिहितात, पण तिचे शब्द जवळजवळ नेहमी स्वरावर संपतात आणि अक्षरांची जडणघडण आपल्या बाराखडीसारखीच असते: मा, मे, मी, मो, मू. मराठी शिक्षिकेला हे पाहून पहिल्याच आठवड्यात हायसे वाटते. फळ्यावर ओळी लिहिलेल्या असतात, शिक्षक काठीने दाखवतो, शंभर मुले एका सुरात म्हणतात आणि वर्ग वाचतो आहे असा भास होतो. अशा वेळी मी शिक्षकाला एवढेच सुचवत असे, की काठी खालच्या ओळीपासून वर न्या, किंवा मधले एखादे अक्षर दाखवून एकाच रांगेला विचारा. सूर तिथेच तुटतो आणि मुलांनी ओळ पाठ केली होती हे शिक्षकालाच दिसते. त्याला कोणी सांगावे लागत नाही, त्याचा अपमानही होत नाही. त्यानंतर तो स्वतःच विचारतो की आता काय करू, आणि प्रशिक्षण खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते. मोठ्या वर्गासाठी आम्ही काढलेला मार्ग साधा होता. वर्ग गटांत बसवायचा, प्रत्येक गटाला जमिनीवर काडीने लिहिण्याचे काम द्यायचे, आणि तेवढ्या वेळात शिक्षकाने रोज दहा मुलांना एकेकटे वाचायला लावून वहीत खूण करायची. एकशेवीस मुलांचा वर्ग असला तरी शाळेच्या बारा दिवसांत प्रत्येक मुलाचा आवाज एकदा कानावर पडतो. ज्या वर्गात काही मुले वर्षभर शिक्षकाच्या नजरेला पडत नव्हती, तिथे हा मोठा बदल असतो.

गणितातही असेच होते. चिचेवात पाचापुढची संख्या पाचावर रचलेली आहे, सहा म्हणजे पाच आणि एक, सात म्हणजे पाच आणि दोन. आपल्याकडे दहा काड्यांचा गठ्ठा बांधून दशक शिकवतात तीच रीत तिथे जशीच्या तशी नेली तर मूल सहापाशीच गोंधळते. पाच-पाचच्या दोन जुड्या करून मग दहाचा गठ्ठा बांधला की ते हाताच्या बोटांशी आणि घरच्या बोलण्याशी जुळते. शिवाय मोठ्या संख्या तिथे बाजारातसुद्धा लोक सर्रास इंग्रजीतच बोलतात, त्यामुळे दोन मोजण्यांचा सांधा शिक्षकाला जोडून द्यावा लागतो. तो सांधा तिथल्या एका अनुभवी शिक्षिकेने मला दाखवला, मी तो इतर शाळांत पोचवला. प्रशिक्षकाचे पुष्कळसे काम असे पोस्टमनचे असते, एका वर्गातले चांगले पत्र दुसऱ्या वर्गात नेऊन देण्याचे. साहित्याच्या बाबतीत तर त्यांनी आपल्याला शिकवावे. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून शैक्षणिक साहित्य करण्याच्या पद्धतीला तिथे 'टालुलार' म्हणतात आणि प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाला ती ठाऊक असते. बाटल्यांची झाकणे, मक्याची रिकामी कणसे, धान्याच्या पोत्यावर रंगवलेले तक्ते पाहिले की आपल्या चिंचोक्यांची आठवण येते.

भारतातून गेलेली पद्धत तिथे कधीच रुजत नाही असा याचा अर्थ नाही. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेची, मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवण्याची रीत शेजारच्या झांबियाने २०१६ पासून 'कॅच अप' या नावाने आपल्या सरकारी शाळांत आजमावली आणि पुढे वाढवली. तिथे ती चालली, कारण ती तिथल्या शिक्षण खात्याने स्वतःची म्हणून स्वीकारली, वेळापत्रकात बसवली आणि तिथल्या शिक्षकांनी स्थानिक भाषांत साहित्य तयार केले.

इथे दुसरा प्रश्न येतो: तुमच्यानंतर कोण? तुमच्या नेमणुकीच्या पत्रात तुमच्यासोबत काम करणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याचे पद लिहिलेले आहे का, ते पहिल्यांदा पाहा. मंडळीच्या शिक्षण विभागातला किंवा शाळांच्या त्या विभागातला एखादा ज्येष्ठ शिक्षक, जो प्रत्येक शाळाभेटीला तुमच्यासोबत येईल आणि दुसऱ्या वर्षापासून बोलण्याचे काम तो आणि ऐकण्याचे काम तुम्ही कराल. असा सहकारी नसेल तर तुमचे काम तुमच्यासोबतच विमानात बसून परत येते. या बाबतीत आपल्या विदर्भाचाच दाखला पुरेसा आहे. यवतमाळला १९५३ पासून असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी संस्था, १९८३ मध्ये पुण्याला गेली. परदेशी मिशनरीही आपल्या भागातून हळूहळू निघून गेले. मी लहानपणापासून जे पाहत आले ते असे, की ज्या शाळेत, वसतिगृहात वा दवाखान्यात आपला माणूस आधीच किल्ल्या आणि हिशेबाची वही सांभाळत होता ते काम पुढे चालले, आणि जिथे सर्व काही साहेब आणि मॅडमसाहेबांच्या हाती होते तिथे भिंती तेवढ्या राहिल्या. पैशांचेही तसेच. अमेरिकी सरकारच्या मदतीवर मलावीत वाचनाचे मोठे कार्यक्रम चालले, आणि २०२५ मध्ये ती मदत देणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाल्यावर असे कार्यक्रम एकाएकी थांबले. ज्या शाळांत शिक्षक रोज दहा मुलांचे वाचन ऐकत होते, त्यांना थांबण्याचे कारण नव्हते, कारण त्याला पैसा लागत नव्हता.

पैशाचा विषय निघालाच आहे तर प्रशिक्षणाच्या भत्त्याबद्दल सांगते. प्रशिक्षण म्हणजे सभागृह, हजेरीपत्रकावर सही, दुपारचे जेवण आणि प्रवासभत्ता, हे आपल्याला नवीन नाही. तिथे शिक्षकाचा पगार तुटपुंजा असल्याने भत्त्याला अधिकच महत्त्व आहे आणि भत्ता नसलेल्या प्रशिक्षणाला लोक नाखुशीने येतात. याबद्दल नाके मुरडणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यात सामील होऊ नका. मला जो तोडगा लागू पडला तो असा, की सभागृहातली प्रशिक्षणे कमीत कमी ठेवायची आणि आपणच वर्गात जायचे. शिक्षकाचा प्रवास नाही, म्हणून भत्त्याचा प्रश्न नाही, आणि त्याचा वर्गही बुडत नाही. यासाठी मोटारसायकलवर मागे बसून कच्च्या रस्त्याने जावे लागते आणि पावसाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, काही शाळा तुटतात. त्याच सुमाराला मागच्या हंगामाचा मका संपत आलेला असतो आणि नवा तयार व्हायचा असतो, त्यामुळे जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने मानले जातात आणि हजेरी घसरते. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या वर्गांचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. कामाचे वर्षाचे नियोजन करताना हे महिने नव्या पाठांसाठी धरू नका.

आता तुमचे उघड प्रश्न. पगार हा शब्द या कामात फारसा चालत नाही, निर्वाहभत्ता म्हणतात, आणि तो कोण देणार हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या पाळकसाहेबांना वाटत असेल की आपली मंडळी सभासदांच्या दशांश-दानातून दरमहा काही पाठवील, तर न्यासाच्या हिशेबतपासनिसाला आधी विचारा. आपल्याकडील सार्वजनिक धर्मादाय न्यासाने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर त्या रकमेवर आयकराची सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मान्यता लागते. परकीय योगदानाच्या कायद्याचे नाव लोक यात घेतात, पण तो बाहेरून भारतात येणाऱ्या पैशासाठी आहे. म्हणून व्यवहारात बहुधा घर आणि भत्ता यजमान मंडळी देते, किंवा दोन्ही मंडळ्या जिच्या सदस्य आहेत अशी एखादी आंतरराष्ट्रीय मिशनसंस्था देते. भत्ता कोणत्या चलनात ठरला आहे हे नक्की विचारा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या क्वाचाचे एका दिवसात ४४ टक्के अवमूल्यन झाले. क्वाचात भत्ता घेणाऱ्यांचे पुढचे महिने कसे गेले असतील याची कल्पना करा. घरी पाठवण्याइतके पैसे या कामात उरत नाहीत. तुमच्या घरची शेती कोरडवाहू असेल आणि तुमच्या मानधनाकडे घर डोळे लावून बसत असेल, तर ही गोष्ट आईवडिलांशी आजच बोला. 'परदेशात नोकरी' हे शब्द गावात एकदा पसरले की त्यांचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात आणि सोयरिकीपर्यंत नेऊन भिडवतात.

निवृत्तीचा विचार सत्ताविसाव्या वर्षी कोणी करत नाही, पण या कामात तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो, कारण पाठीशी कोणतीही सरकारी सेवा नसते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे स्वतःचे खाते जाण्यापूर्वी उघडा. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ते चालू ठेवता येते. बँकेतले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, तेही विसरू नका. आरोग्यविम्यात गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च समाविष्ट असावा, कारण ग्रामीण मलावीतून वेळप्रसंगी जोहान्सबर्गला न्यावे लागते. हिवताप तिथे सर्रास आहे, गडचिरोलीत काम केलेल्या माणसाला जसा तो ठाऊक असतो तसा. सरोवर कितीही स्वच्छ दिसले तरी त्यात उतरण्यापूर्वी स्थानिक लोकांना विचारा, कारण त्याच्या काही किनाऱ्यांवर बिल्हार्झिया या परजीवीचा संसर्ग होतो.

एकट्या बाईच्या सुरक्षिततेबद्दल मला स्वतःला ग्रामीण भागात विशेष त्रास झाला नाही, तथापि याचे श्रेय घराच्या जागेला जाते. घर मंडळीच्या किंवा शाळेच्या आवारात, इतर शिक्षकांच्या वस्तीत असावे, बाजाराच्या टोकाला एकटे नसावे, आणि संध्याकाळनंतर रस्त्याने प्रवास करण्याची वेळ येऊ नये. मलावीचे लोक बोलायला सौम्य आहेत. नव्या गावात गेल्यावर आधी गावप्रमुखाला भेटायचे, मग मुख्याध्यापकांना; वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना खेड्यातल्या बायका गुडघे टेकतात किंवा वाकतात, आणि तुम्हीही तसे केले तर पुढची निम्मी वाट सोपी होते. पहिले काही महिने फक्त चिचेवा शिकण्यासाठी द्या, असे नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्या. इंग्रजीवर काम भागते असे तुम्हाला सांगतील. मुख्याध्यापकाच्या खोलीत भागते, पहिलीच्या वर्गात भागत नाही.

परत आल्यावर नोकरीचे काय, याचे उत्तर थोडे कडू आहे. तुम्ही विनाअनुदानित शाळेत असल्याने रजा ठेवून जाण्याचा प्रश्नच व्यवहारात उरत नाही. जागा गेली असे समजून चला. टीईटीचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर वैध आहे, ही जमेची बाजू. पण शासकीय भरतीला साधारणपणे ३८ वर्षे आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षे अशी वयाची अट असते, आणि परदेशातल्या अनुभवाला शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या गुणवत्ता यादीत वेगळे वजन नाही. निवड झाली तरी सुरुवात शिक्षणसेवक म्हणून १६ हजारांच्या मानधनावर होते. म्हणून माझा सल्ला असा, की पहिला करार दोन वर्षांचाच करा, आणि त्या काळात किंवा त्याआधी बी.एड. आणि शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी दूरशिक्षणाने का होईना पूर्ण करण्याचा मार्ग धरा. डी.एल.एड.वर तुम्हाला शाळांतल्या शिक्षकांसोबत काम करता येईल, परंतु तिथल्या अध्यापक महाविद्यालयांत शिकवायचे असेल तर पदवी मागतात. आयुष्यभराचे काम होते का, तर होते; माझे झाले. मात्र त्यात बढत्यांची शिडी नाही. दर दोन-तीन वर्षांनी करार संपतो, यजमान मंडळीला तुम्ही हव्या आहात का हे पुन्हा ठरते, आणि तुम्ही आपले काम चांगले केले असेल तर एक दिवस त्यांना तुमची गरज उरत नाही. मग दुसरा जिल्हा किंवा दुसरा देश. ज्यांना हे मानवत नाही त्यांनी दोन वर्षांची सेवा करून आनंदाने परत यावे, त्यात कमीपणा काही नाही.

धर्माचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण गावात तुम्हाला विचारतील. मिशनकार्यकर्ती म्हणून गेल्यावर तुमच्याकडून सुवार्तेचे, म्हणजे धर्मप्रसाराचे, काम किती अपेक्षित आहे हे यजमान मंडळीकडून लेखी घ्या. मंडळीच्या शाळांत सकाळी प्रार्थना होते, पण त्या शाळा सर्वांच्या आहेत, आणि याव समाजात मुस्लिम कुटुंबे पुष्कळ आहेत. माझी रीत अशी होती, की शाळेत फक्त वाचन आणि गणित, आणि रविवारी मंडळीत इतर सभासदांसारखे बाकावर बसणे. देवाने या कामाला बोलावले आहे हे, म्हणजे पाचारण, कामाच्या गुणवत्तेतून दिसते, असे मला वाटते. इतरांचे मत वेगळे असू शकते. तिथे काम करण्याच्या परवान्याच्या अर्जात मात्र कामाचे स्वरूप जसे आहे तसेच लिहा. पर्यटक व्हिसावर जाऊन काम सुरू करा आणि मग पाहू, असे कोणी सुचवले तर सरळ नकार द्या. तात्पुरता रोजगार परवाना यजमान मंडळीने तुम्ही इथे असतानाच मिळवायला हवा. पदविकेच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रतींची राज्य पातळीवर पडताळणी आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टील, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, याला वेळ लागतो, म्हणून ते काम निर्णय होण्याआधीच सुरू करायला हरकत नाही. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी. मलावीपेक्षाही ती वाटेतल्या देशामुळे आणि परतताना भारतात विचारली जाते.

तर तुम्ही पाळकसाहेबांना लगेच होकार किंवा नकार देऊ नका. त्यांच्यामार्फत मलावीच्या शिक्षण विभागाला एक पत्र पाठवा आणि त्यात विचारा: ही मागणी तिथल्या शाळांनी केली की कोणत्या निधीच्या अर्जासाठी हे पद निर्माण झाले, माझ्यासोबत काम करणारा स्थानिक सहकारी कोण आणि त्याचा पगार कोण देणार, विभागाच्या सल्लागाराला या नेमणुकीची माहिती आहे का, भत्ता, घर, विमा आणि परवाना कोणाकडे. उत्तर यायला महिना-दीड महिना लागेल. तोवर आपल्या केंद्रप्रमुखांना भेटून पुढच्या शिक्षण परिषदेत एक तास मागून घ्या. उत्तर आल्यावर मला कळवलेत तर त्यातले करारपत्र मी वाचून देईन.